नको-यादी

सकाळी उतरताना माझ्या को-पायलटनं "पाचशे" म्हटलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे काय, मला ऐकूच आलं नाही. जमीन पाचशे फुटांवर आली की शेजारच्यानं आकडा म्हणायचा आणि चालवणाऱ्यानं उत्तर द्यायचं, एवढी साधी गोष्ट. उत्तर आलं नाही तर त्यानं पुन्हा म्हणायचं. दुसऱ्यांदाही उत्तर नाही, तर शेजारचा माणूस कामातून गेला असं धरायचं आणि विमान आपल्या हातात घ्यायचं. का गेला, मेला की बेशुद्ध पडला, ते नंतर बघायचं. दोनदा हाक, मग हात. हा नियम मीच चाळीस-पन्नास पोरांना घोकून घोकून शिकवलाय. तर आज सकाळी माझ्या हातातली दांडी जरा हलली, आणि ती मी हलवली नव्हती. आमच्या विमानात दोन्ही दांड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एकानं हलवली की दुसऱ्याची हलते. मी डावीकडून उजवीकडे बघितलं तर त्याच्या दांडीवर त्याची बोटं होती, आणि तो अगदी शांतपणे म्हणत होता, "विमान माझ्याकडे." मी म्हटलं, "काय माझ्याकडे? हात काढ." त्यानं काढला. उतरलो. चाकं कधी टेकली हे मागच्यांना कळलंही नसेल, इतकं मऊ उतरवलं मी. मुद्दाम.

ह्या को-पायलटला आम्ही सगळे इस्त्री म्हणतो, कारण चौथ्या फ्लाइटनंतरसुद्धा त्याच्या शर्टाला सुरकुती नसते. प्रवासी उतरत होते तेव्हा इस्त्री हळूच म्हणाला, "सर, बरं वाटतंय ना?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! "न वाटायला काय झालं?" "नाही, मी दोनदा..." "ऐकलं मी. विचार करत होतो." "हो सर." हे 'हो सर' फार वाईट. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खाली मान घालून कागद भरायला घेतले आणि मी उगाचच तीन बटणं पुन्हा तपासली, जी आधीच बंद होती. विचार करत होतो हे मी त्याला सांगितलं खरं, पण कसला विचार, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होतो? हजार फुटांवर मी त्याच्याशी बोललो ते आठवतंय. उजवीकडे नदीवर ऊन पडलं होतं, तेही आठवतंय. मग एकदम त्याची बोटं. मधलं काहीच नाही. झोप नव्हे, डुलकी नव्हे, झोपेला निदान जाग तरी येते. कापडातून कुणी वीतभर तुकडा कापून घ्यावा आणि दोन्ही टोकं पुन्हा शिवून टाकावी, तसं. होतं एखाद्याला असं. त्या फॉर्मनं डोकं खाल्लंय नऊ दिवस, दुसरं काय.

फॉर्म माझ्या शर्टाच्या खिशात होता. आमची कंपनी आणि पलीकडची कंपनी एक होणार, होणार, म्हणून दीड वर्ष नुसती हवा होती. आता बहुतेक होतेय. बहुतेक म्हणायचं, कारण वरचे लोक अजून 'शक्यता आहे' असंच बोलतात, आणि शक्यता आहे म्हणत म्हणत त्यांनी भिंतींचा रंगसुद्धा बदलून टाकला. म्हाताऱ्या पायलटांचं ओझं नव्या कंपनीला नको, म्हणून पंचावन्नच्या वरच्यांसाठी योजना काढलीय. आज संध्याकाळी पाचच्या आत सही करायची, तीन महिन्यांची नोटीस उडून पूर्ण करायची, आणि घरी बसायचं. साठीपर्यंत नोकरी केली असं धरून पूर्ण पेन्शन मिळणार, आणि बायकोचं औषधपाणी जन्मभर कंपनीकडे. सही केली नाही तर नव्या कंपनीचे नियम, आणि त्यांच्या नियमात बायको बसत नाही. माझ्या बायकोला संधिवात आहे, साधासुधा नव्हे. महिन्याला एक इंजेक्शन लागतं, ते घेतलं की तिला पेला उचलता येतो आणि नाही घेतलं की येत नाही, इतका सरळ हिशेब. मग सही करायला नऊ दिवस का लागावेत? अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालोय मी. पण सही करायची म्हणून पेन उघडलं की वाटायचं, आणि मग मंगळवारी सकाळी उठून करायचं काय? छत्तीस वर्षांत मी लोकांच्या घरांची फक्त छपरं बघितली आहेत. माझे मित्र म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसलेली माणसं, आणि तीही दर वेळी वेगळी. शिवाय फॉर्ममध्ये एक अट होती. सही करताना आणि नोटिशीच्या तीन महिन्यांत माणूस वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त पाहिजे. मध्येच अनफिट ठरला तर योजनेच्या बाहेर, आणि मग फंडाची रक्कम, एक घड्याळ आणि हस्तांदोलन. ती ओळ मी रोज वाचायचो. का वाचायचो, ते स्वतःला विचारलं नाही कधी.

आणि दुसरं म्हणजे आकडा. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण पायलटला नाव नसतं, आकडा असतो. नोकरीला लागल्या दिवशी यादीत शेवटचा नंबर मिळतो, आणि वरचे निवृत्त होतील, मरतील, नापास होतील, तसतसं एक-एक पायरी वर सरकायचं. कुणाला सुटी आधी, कुणाला मोठं विमान आधी, कुणाला कॅप्टनची खुर्ची आधी, सगळं त्या आकड्यावर. मी सहाशे बाराव्या नंबरवर लागलो होतो, आज एकोणीस आहे. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्या एकीत एक घुसवणार, आणि माझा एकोणीस कुठे जाऊन पडेल देव जाणे. पण ते माझं झालं. माझी लेक ह्याच कंपनीत को-पायलट आहे, आणि कॅप्टनच्या खुर्चीपासून ती फक्त चार नंबर खाली आहे. याद्या एक व्हायच्या आधी वरचे चार म्हातारे गेले तर ती कॅप्टन होऊन नव्या कंपनीत जाईल, नाहीतर पुढची दहा वर्षं उजव्या खुर्चीत. तिघांनी सही केलीय. चौथा कोण, ते सांगायला नको. रविवारी ती घरी आली होती. आईचं इंजेक्शन देऊन झालं, आणि हात पुसत पुसत म्हणाली, "बाबा, सही करून टाका ना." मी म्हटलं, "घाई कसली?" ती म्हणाली, "घाई नाही. पण करा." नंतर निघताना चपला घालताना पुन्हा म्हणाली. मग फोनवर दोनदा. चौथ्या वेळी माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते. मला वाटलं, पोरीला माझा नंबर हवाय. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून विमानतळाच्या कुंपणाशी न्यायचो, ती माझ्या मरणाची नाही, पण माझ्या जाण्याची वाट बघतेय. आणि एकदा मनात आलं ते आलंच. तिच्या प्रत्येक वाक्याखाली मला तो आकडा दिसायला लागला.

सकाळची फ्लाइट आणि संध्याकाळी साडेसहाची, यांच्या मध्ये बराच वेळ होता, म्हणून मी घरी गेलो. बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून एका हातानं ताट पुसत होती, दुसरा हात मांडीवर. "आलात कॅप्टनसाहेब? सही केलीत की अजून मुहूर्त बघताय?" "तुला काय, मी घरात बसलो की आनंदच." "कसला आनंद! छत्तीस वर्षं सुखात गेली माझी, आता दिवसभर तुमचं तोंड बघायचं." ती हसली, आणि मी हसलो नाही, तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं. "अहो, काय झालं?" "काही नाही." "आमच्यासाठी करू नका हं. इंजेक्शनाचं काहीतरी होईल. लोक जगतातच ना." ती हे सहज म्हणाली, पण तिची बोटं बघितली मी. सकाळची बोटं कायम सुजलेली असतात, दुपारपर्यंत जरा उतरतात. आज उतरली नव्हती. जेवताना ती काहीतरी सांगत होती, वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल, आणि मी हं हं करत होतो, आणि मध्येच ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. "ऐकताय ना?" "ऐकतोय की." "मग काय म्हणाले मी?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "हल्ली हे फार झालंय बाई तुमचं," आणि उठून पाणी आणायला गेली, पेला दोन्ही हातांत धरून. मी ताट बाजूला सारलं. पेल्यामुळे सारलं, असं मी तेव्हा मनाला समजावलं, आणि तिथल्या तिथे ठरवलं की सही करायची. तीन महिने काय, डोळे मिटून निघून जातील.

चारच्या सुमाराला ऑफिसात पोचलो. लांबलचक कॉरिडॉर, दोन्हीकडे खोल्या, निम्म्या आधीच रिकाम्या. कपाटं गेलेली, भिंतीवर त्यांच्या पाठीचे पांढरे चौकोन राहिलेले. सहीचं काउंटर वरच्या मजल्यावर होतं. पण जिन्याशी गेल्यावर मला वाटलं, आधी एक मागून घ्यावं. आमच्यात शेवटच्या फ्लाइटला माणसाला एक मागणी करता येते. कुणी जन्मगावची फ्लाइट मागतो, कुणी जुना मित्र शेजारी मागतो, आणि रोस्टरवाल्या बाई, म्हणजे कुणी कुणाबरोबर कधी उडायचं हे ठरवणाऱ्या, कुरकुरत का होईना ती पुरी करतात. मला माझी लेक शेजारी हवी होती. आम्ही एकदाच एकत्र उडालोय, दोन वर्षांपूर्वी. बापलेकींना सहसा एकत्र लावत नाहीत, पण त्या दिवशी कुणीतरी आजारी पडलं आणि तिला ऐनवेळी माझ्या शेजारी पाठवलं. काय दिवस होता तो! हवा स्वच्छ, ढग औषधाला नाही. वरती असताना मी तिला चोरून बघत होतो. हेडफोन नीट बसत नाही म्हणून ती एक कान उघडा ठेवते, माझ्यासारखाच. उतरताना धावपट्टी अगदी समोर आली, आणि ती एकदम म्हणाली, "बाबा." तिचा आवाज कापत होता. मला इतकं भरून आलं की मी हसलोच. म्हटलं, "बाबा घरी. इथे कॅप्टन." चाकं टेकल्यावर मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. हा किस्सा मी किती जणांना सांगितलाय याची गणती नाही. इस्त्रीनं तर तीनदा ऐकलाय. कुणी विचारलं की आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, तर मी लग्नाचा नाही सांगत, तो सांगतो. बायको त्यावरून टोमणे मारते.

रोस्टरच्या बाई खोक्यात फायली भरत होत्या. त्यांचं खातंच बंद होणार, नव्या कंपनीत हे काम कॉम्प्युटर करतो. मी मागणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसरं कुणी मागा ना कॅप्टन." "दुसरं कशाला? माझी लेक आहे ती." "तिला जमणार नाही बहुतेक." "का? रोस्टर तुम्ही लावता की ती?" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बाहेर गेला. बाई म्हणाल्या, "तुम्हाला नको-यादी ठाऊक आहे ना?" मला ठाऊक होती. कुठल्याही को-पायलटला दोन कॅप्टनांची नावं ह्या बाईंकडे देता येतात, ज्यांच्याबरोबर त्याला उडायचं नाही. कारण विचारत नाहीत, आणि कॅप्टनला कधी कळू देत नाहीत. आरडाओरडा करणारे, हात लावणारे, दारू प्यायलेले वासावरून ओळखू येणारे, असे कॅप्टन त्या यादीत असतात, आणि त्यांना फक्त एवढंच जाणवतं की आपल्या शेजारी तीच तीच पोरं येतात. "माझं नाव किती जणांनी दिलंय?" "एकानंच. छत्तीस वर्षांत एकानंच." बाईंनी खोक्याकडे बघितलं. "माझीही नोकरी चाललीय, आता कसलं गुपित," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव. खाली लेकीचं. पुढे तारीख. आमच्या त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसाची.

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी जाऊन मी तिला फोन लावला. तिची आज सुटी होती. मी 'कशी आहेस'ही म्हटलं नाही. "आपण उडालो त्या दिवशी काय झालं होतं?" ती म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला?" "काय झालं होतं ते सांग." "पाचशेला मी हाक मारली बाबा. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पुन्हा मारली. तुमचे डोळे उघडे होते. हात दांडीवर होते. पण तुम्ही नव्हता तिथे. मग मी 'बाबा' म्हटलं. तिसऱ्यांदा. तेव्हा तुम्ही हसलात." खाली एक माणूस विमानाच्या चाकाला पाचर लावत होता, त्याच्याकडे मी बघत राहिलो. "मग हातात का नाही घेतलंस? दोनदा हाक, मग हात. मी शिकवलंय तुला." "हात उठला नाही." ती आता रडत होती. "मागे एकशे ऐंशी माणसं, आणि माझा हात उठेना. शेजारी तुम्ही होतात. म्हणून मी नाव दिलं बाबा. पुन्हा तसं झालं तर माझा पुन्हा उठणार नाही. दुसऱ्या कुणाचा तरी उठेल." "आणि सांगितलं का नाहीस? मला, डॉक्टरला, कुणाला?" "तुमचं लायसन गेलं असतं. आईचं इंजेक्शन गेलं असतं. रोज वाटायचं उद्या सांगू. तुमची फ्लाइट असली की मी फोनवर नकाशात तुमच्या विमानाचं टिंब बघत बसते, तुम्ही उतरेपर्यंत. दोन वर्षं. म्हणून म्हणत होते सही करा, सही करा." मला तिला रागवायचं होतं. केवढा मोठा गुन्हा केला होता पोरीनं, आणि ह्या बापानं त्यात आकडा शोधला होता. "रडू नकोस," म्हटलं आणि फोन ठेवला. एवढंच आलं तोंडात.

परत रोस्टरमध्ये गेलो. बाईंना म्हटलं, "साडेसहाच्या फ्लाइटला दुसरा कॅप्टन लावा. मला अनफिट लिहा." बाईंनी घड्याळ बघितलं, दार लोटून घेतलं, आणि आवाज खाली आणला. "वेडेपणा करू नका. साडेचार वाजलेत. आधी वर जाऊन सही करून या. नोटिशीचे तीन महिने मी तुम्हाला राखीव ठेवते, एक फ्लाइट लावत नाही. जाता जाता एवढं करू शकते मी. कुणाला कळणार नाही." खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. चांगलाच झाला. बायकोची बोटं डोळ्यांपुढे आली, पेला दोन्ही हातांत धरलेला. सही करायची, घरी बसायचं, पेन्शन, इंजेक्शन, आणि लेक कॅप्टन. कुणाचंही वाईट नाही. सगळेच माझ्याशी इतके चांगले वागत होते. लेक चांगली वागली, बाई चांगल्या वागत होत्या, आणि त्या चांगुलपणावर मी दोन वर्षं रोज शेकड्यांनी माणसं घेऊन उघड्या डोळ्यांनी उतरत होतो. आणि राखीव माणसाला बोलावणं येतंच, कुणीतरी ऐनवेळी आजारी पडतंच. त्या वेळी शेजारी इस्त्री असेल की हात न उठणारं कुणी असेल, कोण सांगणार? मी खिशातला फॉर्म काढून काउंटरवर ठेवला, कोरा. म्हटलं, "लिहा बाई. जे आहे ते लिहा."

बाईंनी कोरा फॉर्म घडी करून बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि टाइप करायला लागल्या. नाव. नंबर एकोणीस. कारणाच्या रकान्यापाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी सांगितलं, की मध्येच मी नसतो, हाक ऐकू येत नाही. त्यांनी तसंच लिहिलं. पुढचा रकाना होता, कधीपासून. मला ठाऊक असलेला पहिला दिवस मी आणि लेक एकत्र उडालो तोच होता. मी त्याची तारीख सांगितली.